शिशात पास, कॅडमियममध्ये नापास: नाल्याकाठच्या ब्राह्मीचं एक प्रकरण

नवी मुंबईत घणसोली-रबाळे पट्ट्यातल्या एका महिला बचत गटाचं हे प्रकरण आहे. सोसायटीची कंपाउंड वॉल आणि नाला यांच्या मधे एक लांबलचक पट्टी पडून होती, कचरा टाकायची जागाच झाली होती, ती या बायकांनी साफ केली, डेब्रिज उचललं, शेणखत घातलं आणि आधी पालक-मेथी आणि मग हळूहळू औषधी झाडं लावली. बहुतेकजणी माथाडी कामगारांच्या घरातल्या, मूळ साताऱ्याकडच्या, शेती हाताला माहीत असलेल्या, त्यामुळे वाफे एकदम सुरेख. ब्राह्मी, माका, तुळस, अडुळसा, गवती चहा, थोडा पुदिना. सगळ्यात जोरात कोण आलं तर ब्राह्मी, नाल्याच्या कडेला ओल कायम असते आणि ब्राह्मीला तेच हवं असतं, थोडं खारं पाणीसुद्धा तिला चालतं, दोन-तीन महिन्यांत नुसती हिरवी चटई.

(ही बारीक जाड पानांची, पांढऱ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी जलब्राह्मी. गोल पानांची मंडूकपर्णी आपल्याकडे ब्राह्मी म्हणूनच विकली जाते पण ती वेगळी वनस्पती, हा सगळा मजकूर तिच्यासाठी नाही.)

ब्राह्मी सुकवून पावडर करायची, छोट्या पाकिटात भरायची, सोसायट्यांच्या गेटवर आणि बचत गटांच्या प्रदर्शनात विकायची असं चालू होतं. जास्त गिऱ्हाईक कोण तर शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आया. परीक्षेच्या आधी मागणी वाढायची, मुलाच्या लक्षात राहावं म्हणून दुधातून रोज एक छोटा चमचा. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते कारण पुढचा सगळा निर्णय या एका गोष्टीवर फिरला.

मी ठाण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि या गटातल्या एका ताईंची मुलगी माझी विद्यार्थिनी होती, तिच्यामार्फत हे माझ्याकडे आलं. झालं असं की ठाण्यातल्या एका औषधी कच्च्या मालाच्या व्यापाऱ्याने गटाला मोठी ऑर्डर द्यायची तयारी दाखवली आणि सोबत जड धातूंचा, म्हणजे शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांचा रिपोर्ट मागितला. ताईंनी फोन केला, मॅडम आमच्याकडे मातीचा रिपोर्ट आहे, सगळं चांगलं आलंय, तोच दिला तर चालेल ना.

तो रिपोर्ट मी बघितला. मृदा आरोग्य पत्रिका म्हणजे सॉइल हेल्थ कार्डच्या धर्तीवर केलेली तपासणी होती. ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली, तिच्यात १२ गोष्टी बघतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि मग जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. पिकाला काय कमी पडतंय हे सांगण्यासाठी ती आहे आणि त्या कामासाठी ती उत्तमच आहे. पण शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा हे त्यात नसतातच. त्यामुळे माती एकदम सकस, कर्ब भरपूर, आणि तरी तिच्यात शिसं किती हे त्या कागदावरून कुणालाच कळणार नाही. सेंद्रिय पद्धतीने लावलंय, फवारणी नाही, हेही खरंच होतं आणि त्याचाही इथे काही उपयोग नव्हता, कारण धातू खतातून किंवा फवारणीतूनच येतो असं नाही, तो जमिनीत आधीपासून बसलेला असतो आणि तो कुजत नाही, उडून जात नाही. आपल्याकडे शिसं घातलेलं पेट्रोल देशभर बंद झालं २००० साली, घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून, पण त्याआधीचं जे रस्त्याकडेच्या मातीत आणि जुन्या भिंतींच्या पापुद्र्यात गेलं ते अजून तिथेच आहे.

जागेचा इतिहास

कुठल्याही अशा प्रकरणात मी माती खणायच्या आधी जागेचा इतिहास विचारते, कारण कुठे सँपल घ्यायचं हे त्यावरून ठरतं. गटातल्या बायका सगळ्या नंतर राहायला आलेल्या, त्यांना जागा आधीपासून ओसाड एवढंच माहीत. सांगितलं ते गावठाणातल्या एका आगरी आजींनी. इथे आधी खारी भातशेती होती, मग भराव पडला, मग बरीच वर्षं पत्र्याची शेड होती. "भंगाराचं गोडाऊन व्हतं गो इथं, बॅटऱ्या फोडायचे, रात्रीची वायर जाळायचे, धूर कसला यायचा." शेड नेमकी कुठल्या कोपऱ्यात होती तेही त्यांनी हात करून दाखवलं.

ही माहिती कुठल्याही मशीनने दिली नसती. गाडीची जुनी बॅटरी फोडली की शिशाच्या प्लेटा आणि त्यांची भुकटी जमिनीवर पडते. तांबं काढायला वायरी जाळल्या की वरचं प्लास्टिकचं आवरण, म्हणजे पीव्हीसी, जळतं, जुन्या पीव्हीसीमध्ये शिशाची संयुगं घातलेली असायची, काही रंगांत आणि पीव्हीसीत कॅडमियमही, आणि निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्या भंगारात आल्या तर त्यातलं कॅडमियम वेगळंच. त्यात नाला. पावसाळ्यात नाला चढतो, गाळ कडेला सोडून जातो, आणि उन्हाळ्यात बायका पाणी त्याच नाल्याचं बादलीने काढून घालायच्या कारण सोसायटीचं पाणी मोजून मिळतं.

अजून एक गोष्ट आपल्या भागाची खास आहे. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी नाल्यातून मागे चढतं, म्हणजे पाण्यात मिठातलं क्लोराइड. क्लोराइड मातीतल्या कॅडमियमला धरून पाण्यात विरघळणारा संयोग करतं, त्यामुळे जे कॅडमियम मातीच्या कणांना चिकटून बसलं असतं ते मुळांच्या हाताशी येतं. म्हणजे तेवढंच कॅडमियम असलेली देशावरची माती आणि खाडीकाठची माती यात झाडात चढणारं कॅडमियम सारखं नसतं. आपल्याकडे ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना परसबागा, रेल्वेलाइनच्या कडेची पालेभाजी, सोसायट्यांचे औषधी कोपरे चालतात आणि हा मुद्दा कुणी बोलतच नाही.

सँपल कसे घेतले

पट्टीचे तीन भाग केले: शेडचा कोपरा, नाल्याची कड, आणि भिंतीलगतचा कोरडा भाग. प्रत्येक भागात चार-पाच ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून एक सँपल, स्टीलच्या खुरप्याने, कारण जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं-फावडं वापरलं तर त्याचाच धातू मातीत उतरू शकतो. चौथं सँपल पारसिकच्या डोंगराच्या बाजूची, जिथे भराव नाही अशी माती, तुलनेसाठी. हे तुलनेचं सँपल लोक पैसे वाचवायला गाळतात आणि मग रिपोर्ट वाचताना घाबरतात, कारण आपला सगळा डोंगर बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे आणि बेसाल्टच्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं निसर्गतःच भरपूर असतं. रिपोर्टमध्ये क्रोमियमचा मोठा आकडा बघून कारखान्याच्या नावाने ओरडायला लागायचं आणि तो आकडा डोंगरातही तेवढाच, असं होतं. शिसं मात्र बेसाल्टमध्ये फारच कमी असतं, त्यामुळे आपल्याकडे मातीत शिसं जास्त दिसलं की ते माणसाने आणलेलं असं जवळजवळ धरूनच चालायचं.

झाडांच्या बाबतीत ब्राह्मी, माका, तुळस आणि गवती चहा घेतले. प्रत्येकाचे दोन भाग, एक बायका नेहमी जसं एकदा पाण्यातून काढतात तसा, दुसरा नळाच्या वाहत्या पाण्याखाली नीट चोळून मग शुद्ध पाण्यात बुडवून काढलेला. आणि एक सँपल असं मिळालं की ज्याच्यामुळे हे सगळं प्रकरण स्पष्ट झालं. गटातल्या एका काकूंनी याच वाफ्यातली ब्राह्मीची काडी नेऊन घरच्या गॅलरीत टबमध्ये लावली होती, नर्सरीची लाल माती, नळाचं पाणी. म्हणजे झाड तेच, वंश तोच, फक्त जमीन वेगळी. ती ब्राह्मीही त्याच गच्चीत सुकवली, त्याच कांडपवाल्याकडे दळली. पावडरीत धातू दळण्याच्या मशीनमधून किंवा सुकवायच्या पत्र्यावरून येतोय का ही शंका त्यातच तपासली गेली.

रिपोर्ट

आपल्या आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या (औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथाच्या) मर्यादा अशा आहेत: शिसं १० पीपीएम, कॅडमियम ०.३, आर्सेनिक ३, पारा १. पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये तेवढे मायक्रोग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं की पुढचा हिशोब घरीच करता येतो.

मातीत क्रोमियम, निकेल, तांबं सगळीकडे जास्त आणि डोंगराच्या मातीतही जवळपास तितकंच, म्हणजे तो बेसाल्टच. शिसं शेडच्या कोपऱ्यात खूपच जास्त, नाल्याच्या कडेला मध्यम, भिंतीलगत त्याहून कमी पण डोंगराच्या मातीच्या कितीतरी वर. आजींनी जिथे हात दाखवला होता तिथेच आकडा उसळला. कॅडमियम मात्र नाल्याच्या कडेला सगळ्यात जास्त.

झाडांत, आर्सेनिक आणि पारा कुठेच काळजीचा नाही. गवती चहा शिसं आणि कॅडमियम दोन्हींत कमी. तुळशीत न चोळलेल्या सँपलमध्ये शिसं बऱ्यापैकी आणि नीट धुतल्यावर अर्ध्याहून खाली, म्हणजे ती रस्त्याची आणि वाफ्याची धूळ, तुळशीच्या पानांवर बारीक लव असते ती धूळ धरून ठेवते. माक्यात शेडच्या कोपऱ्यातला माल शिशाच्या मर्यादेबाहेर, बाकीचा आत. आणि ब्राह्मी: शिसं १० च्या आत, कॅडमियम ०.३ च्या वर. धुतल्यावर शिसं चांगलंच उतरलं. कॅडमियम जवळपास तिथेच राहिलं. गॅलरीतल्या टबची ब्राह्मी दोन्हीत अगदी खाली.

धुतल्यावर एक उतरतं आणि दुसरं उतरत नाही, यातच बरंच काही आहे. शिसं मातीच्या कणांना घट्ट धरून असतं, मुळात शिरलं तरी बहुतेक मुळातच अडकतं, पानापर्यंत फार कमी पोचतं. मग ब्राह्मीत कुठून आलं? ब्राह्मी जमिनीवर सरपटते, प्रत्येक पेऱ्याला मुळं फुटतात, काढताना ती मुळासकट आणि मातीसकट निघते आणि पूर्ण झाडच औषधात वापरतात. समजा मातीत शिसं ३०० पीपीएम आहे आणि सुकलेल्या पावडरीत वजनाने फक्त २ टक्के माती राहिली, तर नुसत्या त्या मातीमुळेच पावडरीत ६ पीपीएम शिसं झालं, झाडाने स्वतः काही न उचलता. म्हणून मी धातूंच्या बरोबरीने आम्ल-अविद्राव्य राख नावाची साधी तपासणी करायला सांगते, फार्माकोपियात ती आहेच, पावडरीत वाळू-माती किती राहिली ते तिच्यातून कळतं आणि धातूंच्या तपासणीपेक्षा ती बरीच स्वस्त असते.

कॅडमियमची गोष्ट वेगळी. ते रासायनिकदृष्ट्या जस्तासारखं आहे, झाडाला जस्त हवं असतं, मुळांमधली जस्त-लोह आत घेणारी जी यंत्रणा आहे तिच्यातूनच कॅडमियम आत जातं आणि मग देठातून पानापर्यंत. ते पेशींच्या आत असतं, त्याला कितीही धुवा. आणि जलब्राह्मी धातू उचलण्यात मुळात पटाईत आहे, घाण पाण्यातून धातू काढायला तिचा उपयोग होईल का यावर आपल्याच देशात कितीतरी प्रयोग झालेत. जे झाड पाणी साफ करायला चालेल असं शास्त्रज्ञ म्हणतात तेच आपण नाल्याकाठी लावून मुलांना खायला देतोय, ही गोष्ट बायकांना सांगताना मला फार जड गेलं, पण सांगायलाच हवी होती.

त्यात सुकवणं. ताज्या ब्राह्मीत साधारण ८५ ते ९० टक्के पाणी. सुकली की वजन सात ते दहा पटीने घटतं आणि धातू सगळा मागे राहतो. पालेभाजीच्या हिशोबात जे थोडं वाटतं ते पावडरीत थोडं राहत नाही.

बायकांचा पहिला प्रश्न होता, मॅडम झाड तर एवढं तरारून आलंय, विष असतं तर जळालं नसतं का. नाही. झाडांकडे धातू बांधून ठेवायची स्वतःची सोय असते, फायटोकिलेटिन नावाचे छोटे रेणू ती तयार करतात, धातूला पकडून पेशीतल्या पोकळीत कोंडून टाकतात आणि वरून हिरवीगार दिसतात. जे झाड धातूने लगेच कोमेजतं ते एका अर्थी आपल्याला वाचवतं, सहन करणारं झाड जास्त धोक्याचं. औषधी गुणाचंही असंच, धातूच्या ताणाखाली तो कमीही होतो, वाढतोही, अंदाज बांधता येत नाही: लखनौला भुईआवळीवर झालेल्या प्रयोगात कॅडमियम दिल्यावर तिच्यातली औषधी द्रव्यं उलट वाढली होती, आणि परदेशात सेंट जॉन्स वर्ट नावाच्या झाडाला निकेल दिल्यावर त्याने त्याचं एक मुख्य औषधी द्रव्य बनवणंच थांबवलं. म्हणजे पावडरीचा गुण येतोय, मुलाला फरक पडतोय, हे ती स्वच्छ असल्याचा पुरावा नाही.

दहाच्या आत म्हणजे ठीक?

गटाची बैठक झाली, तिथे दोन मतं पडली आणि दोन्ही प्रामाणिक होती. कॅडमियममुळे हा माल बाद हे सगळ्यांना मान्य. पण काहीजणींचं म्हणणं होतं की शेडचा कोपरा सोडू, नाल्याची कड सोडू, भिंतीलगत ब्राह्मी लावू, तिथे कॅडमियम कमी आहे, आणि शिसं तर सगळीकडेच पास आहे, मग अडचण काय. व्यापाऱ्याचंही तेच म्हणणं, १० च्या आत आहे ना, बस.

इथे मी त्यांच्यासमोर फळ्यावर हिशोब मांडला. रोज १ ग्रॅम पावडर, म्हणजे अगदी छोटा अर्धा चमचा, आणि पावडरीत शिसं ५ पीपीएम, म्हणजे मर्यादेच्या निम्मंच. तर मुलाच्या पोटात रोज ५ मायक्रोग्रॅम शिसं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न आणि औषध प्रशासन) २०२२ मध्ये अन्नातून येणाऱ्या शिशासाठी जी संदर्भ पातळी धरली ती मुलांसाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे, आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी ८.८. आणि ती सगळ्या अन्नाची मिळून, एकट्या पावडरीची नाही. मोठ्या माणसाने ३ ग्रॅम घेतली आणि पावडर बरोबर १० पीपीएमची असली तर ३० मायक्रोग्रॅम. आपल्या फार्माकोपियाच्या मर्यादेत ती पावडर पास आहे. युरोपच्या फार्माकोपियात शिशाची मर्यादा ५ आहे, तीही या हिशोबात मुलांना पुरत नाही. शिशाची आठवड्याला अमुक इतकी चालेल अशी एक जुनी पातळी जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीने ठरवलेली होती, ती त्यांनी २०१० मध्ये मागे घेतली, कारण याच्याखाली धोका नाही असा आकडा त्यांना दाखवता आला नाही.

आणि शिसं मुलांत कुठे जातं तर मेंदूवर. बुद्ध्यांक, लक्ष लागणं, शिकणं, यावरच त्याचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. ज्या कारणासाठी आई ती पावडर देते नेमकं तेच शिसं हिरावून घेतं. हे बोलून झाल्यावर बैठकीत कुणी पुढे वाद घातला नाही. एक मावशी म्हणाल्या, "माझा नातू खातोय की रोज."

त्या मावशींना आणि त्यांच्या नातवाला डॉक्टरांकडे पाठवलं, रक्तातलं शिसं तपासलं, काळजी करण्यासारखं आलं नाही. हेही सांगते कारण घाबरवणं हा हेतू नाही. कॅडमियमचा हिशोबही मी त्यांना करून दाखवला होता, मर्यादेच्या दुप्पट कॅडमियम असलेली १ ग्रॅम पावडर म्हणजे रोज ०.६ मायक्रोग्रॅम, २० किलोच्या मुलाला महिन्याला ५०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल असं त्याच तज्ज्ञ समितीचं म्हणणं आहे, म्हणजे पावडरीतून त्याचा छोटासाच भाग जातो. पण कॅडमियम भातातून येतं, पालेभाजीतून येतं, घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर धुरातून येतं, आणि मूत्रपिंडात एकदा बसलं की निम्मं व्हायलाही १० ते ३० वर्षं घेतं, त्यामुळे टाळता येण्यासारखा जो भाग आहे तो टाळायचा. म्हणजे गंमत बघा, रिपोर्टमध्ये ज्याच्यात नापास होतो त्या कॅडमियमपेक्षा ज्याच्यात पास होतो ते शिसंच मुलांसाठी जास्त महत्त्वाचं निघालं. नुसतं पास-नापास वाचणाऱ्याला हे दिसणारच नाही.

बायकांच्या तब्येतीबद्दल एक राहिलं. अंगात लोह कमी असेल तर आतडं शिसं आणि कॅडमियम दोन्ही जास्त शोषतं, आणि आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन कसं असतं ते सांगायला नको. वाफ्यात काम करून तशाच हाताने मिसरी लावायची, डबा खायचा, हे त्या दिवसापासून बंद केलं. हात धुवायला नळ, वाफ्यातल्या चपला वेगळ्या, घरात न्यायच्या नाहीत, लहान मुलांना कोपऱ्यात खेळू द्यायचं नाही.

विकलेला माल

मला सगळ्यात जास्त आदर वाटला तो इथे. गटाने ठरवलं की गेलेली पाकिटं परत बोलवायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या खात्याची नोटीस नव्हती. वहीत ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले, सोसायट्यांच्या ग्रुपवर साध्या मराठीत लिहिलं की आमच्या ब्राह्मी पावडरीच्या तपासणीत कॅडमियम मर्यादेपेक्षा जास्त आलंय, पावडर वापरू नका, पाकीट द्या आणि पैसे घ्या, मूल बरेच महिने घेत असेल तर डॉक्टरांना विचारा. मजकुरात कुठलाही आडपडदा नको यावर ताई ठाम होत्या. काहीजणांनी रागाने बोलून घेतलं, बरेचजण पाकीट परत न देता फक्त धन्यवाद म्हणाले. गटाचा जमा पैसा त्यात गेला.

तेलाबद्दल खूप विचारणा झाली, कारण माका-ब्राह्मीचं तेलही गट विकायचा. तेलात असे धातू फार उतरत नाहीत, आणि असेंद्रिय शिसं त्वचेतून आतही फार जात नाही, त्यामुळे पोटात घ्यायच्या पावडरीइतका तो प्रश्न नाही. पण गाळ तळाला राहतो आणि तो नीट गाळला नाही तर पाल्याचे कण बाटलीत येतात, म्हणून शेडच्या कोपऱ्यातल्या माक्याचं तेल तेवढं मागे घेतलं. काढ्यात धातूचा काही भागच पाण्यात उतरतो, चोथा टाकून देतो. पावडर मात्र आपण पूर्ण गिळतो, तिथे सवलत नाही.

आता काय लावलंय

जमीन साफ करता येईल का हे सगळ्यांनी विचारलं. मोहरी, सूर्यफूल लावून धातू ओढून घ्यायचं असं लोक वाचतात, ते होतं, पण वर्षानुवर्षं लागतात आणि कापलेला पाला टाकणार कुठे हा प्रश्न उरतोच, कंपोस्टमध्ये टाकला की तोच धातू परत वाफ्यात. वाळा लावायचं एकीने सुचवलं, वाळा माती धरून ठेवायला छानच, धातू बराचसा मुळांतच ठेवतो, पण वाळ्याचं मूळच तर आपण माठात टाकतो, त्यामुळे कडेला लावला आहे तो फक्त माती आणि धूळ धरायला, विकायला नाही हे पाटी लावून ठरवलंय. बल्गेरियात प्लोव्हदिवजवळ धातू वितळवायच्या कारखान्याच्या परिसरात पुदिना आणि लॅव्हेंडर लावून बघितलं होतं, वाफेने काढलेल्या तेलात धातू आला नाही, कारण धातू वाफेबरोबर उडत नाही. मोठ्या जमिनीसाठी ही वाट चांगली आहे, एवढ्याशा पट्टीसाठी तेल काढायचं यंत्र कोण बसवणार. शेवटी पट्टीवर मोगरा, जास्वंद, शेवंती लावली, गजऱ्याला आणि हाराला जातात, पोटात जात नाहीत. शेडचा कोपरा खणायचाच नाही, वर जाड लाल माती टाकून गवत लावलंय, जागेच्या मालकाला लेखी कळवलंय.

ब्राह्मी गेली सोसायटीच्या गच्चीवर, ड्रममध्ये. इथे एक मोठी चूक होता होता राहिली. आपल्याकडे भंगारात निळे प्लास्टिकचे ड्रम स्वस्त मिळतात, कितीतरी टेरेस गार्डन त्यातच चालतात, पण त्यात आधी कुठलं केमिकल होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. गटाने ऑर्डर देऊन ठेवली होती ती रद्द केली आणि नवीन घेतले. माती घ्यायच्या आधी तपासली. खतही बघून घेतलं, कारण शहरातल्या कचऱ्याच्या कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात शिसं १०० पीपीएम आणि कॅडमियम ५ पीपीएमपर्यंत परवानगी आहे, कुंडीत निम्मं तेच भरलं तर आपण स्वतःच धातू आणून ओतला. घरचं गांडूळखत वापरलं. पाणी नळाचं, जास्तीचा टँकर न मागता पुरतं कारण ड्रम कमी आहेत. कापताना मुळासकट उपटायचं नाही, दोन बोटं वर कात्रीने कापायचं, तीन पाण्यातून धुवायचं. सुकवायला आधी जुनी वर्तमानपत्रं अंथरायच्या, एफएसएसएआयने (देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) २०१६ मध्येच छापील कागदात खाण्याचे पदार्थ ठेवू नका असं सांगितलंय, आता सुती कापड.

गटाने स्वतःची मर्यादा ठरवली आहे: पावडरीत शिसं १ पीपीएमच्या वर गेलं तर ती मुलांसाठी विकायची नाही. १ ग्रॅमला १ मायक्रोग्रॅम, हिशोब सोपा. ड्रमची पहिली बॅच त्यात बसली. पावसाळ्यातली दुसरी बॅच थोडी वर गेली, राखेची तपासणी केली तर मातीच जास्त होती, पावसाच्या थेंबांनी उडून पानांवर बसलेली, म्हणून ड्रममध्ये आता नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन घातलंय आणि ती बॅच बाजूला ठेवून दिली आहे. ठाण्याचा व्यापारी म्हणतो १० चालतं तर १ चा हट्ट कशाला, पण माल घेतो, आधी ठरलं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी, आणि प्रत्येक बॅचच्या रिपोर्टची झेरॉक्स पोत्यासोबत जाते.